पंधरा दिवसांसाठी दिलेलं अ‍ॅप

धम्मप्रियाने आपलं मोडी शिकवणारं अ‍ॅप सगळ्यांत आधी माझ्या फोनमध्ये घातलं. घालताना ती म्हणाली, "काका, तुमच्या प्रतीला कुलूप ठेवलं न्हाई मी. पैसे भरायचं, नाव टाकायचं, कायबी न्हाई. उघडा अन् बघा." मला त्यात माया तेवढी ऐकू आली, जबाबदारी ऐकू आली नाही. आयुष्यभर पुस्तकं सांभाळलेल्या माणसाला ती ऐकू यायला हवी होती. पण मला बऱ्याच गोष्टी उशिरा ऐकू येतात.

मी अहमदपूरच्या एका सार्वजनिक वाचनालयात एकतीस वर्षं ग्रंथपाल होतो. शब्द मोठा आहे. कपाटं झाडणं, उसवलेल्या पुस्तकांना खळ लावणं, वर्तमानपत्रं तारखेवार लावणं, आणि लोकांना पुस्तकं देऊन ती परत येण्याची वाट बघणं, एवढंच मी केलं. धम्मप्रिया माझ्या मित्राची, आनंदराजची मुलगी. आनंदराज अहमदपूरच्या पोस्टात होता. शाळा सुटली की ती वाचनालयात यायची आणि बाप कामावरून येईपर्यंत दोन कपाटांमधल्या बोळीत फरशीवर बसून वाचायची. उन्हाळ्यात तिथं गार असायचं. कधी कधी वाचता वाचता तिथंच झोपायची, आणि एखादा वाचक पुस्तक शोधायला त्या बोळीत शिरला तर मी त्याला हळूच म्हणायचो, "ते पुस्तक मीच काढून देतो, तुम्ही बसा." त्या दुपारी पंख्याची घरघर आणि शिजलेल्या खळीचा आंबूस वास असायचा. तेव्हा त्यात काही विशेष वाटलं नव्हतं.

आनंदराजला जाऊन नऊ वर्षं झाली. मुलगी पुण्यात सहा वर्षं नोकरी करून नांदेडला आली, आईजवळ राहू लागली, आणि कुणाच्या हाताखाली न राहता एकटीच अ‍ॅप बनवायला बसली. अलीकडे दाखल्यांसाठी, जमिनीच्या हक्कांसाठी जुन्या कागदांना अचानक महत्त्व आलं होतं. लोक पेटीतले, डब्यातले, देव्हाऱ्यामागचे कागद काढून मोडी वाचणारा माणूस शोधत गावोगाव फिरत होते. धम्मप्रिया मला म्हणाली, "काका, तुमची लिपी मला द्या. मी ती फोनमधी घालते."

माझी लिपी. मला हसू आलं. ती माझी कधी झाली हे सांगायचं तर एकाहत्तर सालच्या नांदेडला जावं लागेल.

मी आणि आनंदराज तेव्हा तिथल्या वसतिगृहात होतो. माझं घर लोह्याजवळच्या एका खेड्यात. घरी पत्र्याच्या डब्यात एक मोडी कागद होता, आणि त्यात आपल्या जमिनीचं काहीतरी आहे असं आजोबांपासून सगळे म्हणायचे. तो वाचून घ्यायची सोय नव्हती, कारण ज्यांना वाचता यायचं त्यांच्या ओट्यावर आम्हांला चढता येत नव्हतं. मग कळलं की उमरीच्या एका निवृत्त कारकुनाकडे मोडीचं छापील पुस्तक आहे. आनंदराज बोलका होता. तो जाऊन ते मागून आला. कारकुनाने बजावलं होतं, पंधरा दिवस, सोळावा नाही. आम्ही दोघांनी मिळून ते पुस्तक अखंड उतरवून काढलं. एक पान तो, एक पान मी. बोरूने, कारण मोडीचं वळण टाकाच्या निबाला येत नाही असं त्याचं म्हणणं. पंधराव्या दिवशी पुस्तक उमरीला पोचलं होतं. पुढे आमच्या वह्यांवरून आणखी पाच मुलांनी उतरवलं. आम्ही त्याला कधी चोरी म्हटलं नाही. चोरी होती का? त्या पुस्तकाच्या लेखकाला आमच्याकडून एक पैसा मिळाला नाही, हे मात्र खरं.

त्या दिवाळीत मी घरचा कागद वाचला. त्यात जमीन नव्हती. साहेबाचा तंबू गावाबाहेर पडणार आहे, तरी गवताच्या चार पेंढ्या आणि एक माणूस हजर ठेवावा, असा माझ्या पणजोबांना हुकूम होता. वडील समोर उकिडवे बसले होते. मी म्हणालो, "अजून नीट वाचता येत नाही." ते म्हणाले, "शिक मंग. घाई न्हाई." ते जाईपर्यंत मी त्यांना कागदात काय होतं ते सांगितलं नाही.

तर अशी ती लिपी. धम्मप्रियासाठी मी दोनशे पानं लिहिली. अक्षरं, जोडाक्षरं, मग पत्रं, पावत्या, साध्या नोंदी. आठ महिने लागले. तिने त्यांचे फोटो घेऊन अ‍ॅप केलं आणि नाव ठेवलं 'मोडीवाट'. किंमत नव्याण्णव रुपये, एकदाच. पहिल्या दोन महिन्यांत ते इतकं चाललं की तिने आईला नवा कुकर घेतला आणि मला एक चांगलं भिंग.

आता माझी चूक.

जानेवारीत संगप्पा मास्तर माझ्याकडे आले. वाचनालयाचे जुने वाचक, उदगीरकडचे, निवृत्तीनंतर अहमदपुरातच राहिलेले. म्हणाले, "रामकिशनजी, तुमचं ते मोडीचं मला बी पायजे. पण फोनवरून पैसे द्यायचं मला जमत न्हाई बगा. पोरगा म्हणतो या वयात कशाला." मास्तरांना मी तीस वर्षांत कधी रिकाम्या हाताने पाठवलं नव्हतं. मी त्यांना घेऊन बस स्टँडजवळ पिराजीच्या मोबाईलच्या दुकानात गेलो. पिराजीने माझा फोन त्याच्या कॉम्प्युटरला जोडला, मग मास्तरांचा जोडला, आणि दोन मिनिटांत मोडीवाट मास्तरांच्या फोनमध्ये उघडली.

घरी येऊन मी वही काढली. तारीख, वाचकाचं नाव, पुस्तकाच्या जागी 'मोडीवाट', दाखल अंक, म्हणजे पुस्तकाचा नोंद क्रमांक, एक, परतीची मुदत पंधरा दिवस. पंधराव्या दिवशी मास्तर स्वतः आले आणि माझ्यासमोर त्यांनी फोनमधून ते पुसलं. मी तांबड्या शाईने लिहिलं, परत मिळाले. मग ते दुसऱ्या वाचकाला दिलं. त्याच्याकडून परत आल्यावर तिसऱ्याला. पाच महिन्यांत नऊ वाचक झाले, आणि एका वेळी दोघांना मी कधीच दिलं नाही. माझ्याकडे प्रत एकच होती. नियम पाळल्याचा मला अभिमान वाटत होता, हे सांगायलाच हवं.

मार्चपासून धम्मप्रियाची विक्री बसली. ती फोनवर सांगायची आणि मी ऐकायचो. बिनकुलपाची एक प्रत कुणीतरी बाहेर सोडली होती. ती ग्रुपवरून फिरत होती, दुकानांतून दहा-दहा रुपयांना भरून मिळत होती. तिने तक्रारी केल्या. एक ग्रुप बंद झाला की दुसऱ्या दिवशी दोन उघडायचे. मग तिने नव्या प्रतींचं कुलूप आणखी कडक केलं, दर वेळी नेटवरून तपासणारं. त्याचा परिणाम असा झाला की पैसे भरलेल्या लोकांचंच अ‍ॅप शेतात, खेड्यात, जिथं नेट नाही तिथं उघडेना. त्यांनी तिला शिव्या घातल्या. "काका," ती म्हणाली, "कुलूप पैसे भरणाऱ्यालाच आडवं येऊन राहिलंय. चोराला त्याचं कायबी न्हाई."

जूनमध्ये हैदराबादच्या एका कंपनीने तिला नोकरी देऊ केली. सोमवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं. आणि त्याच आठवड्यात तिला कळलं की लातुरात एका खासगी वर्गात चाळीस मुलं तिच्या मोडीवाटेवर शिकतात आणि त्यांतल्या एकानेही ती विकत घेतलेली नाही. तिथं शिकवणारी रेणुका होती.

रेणुका तिची कॉलेजातली मैत्रीण. बिनकुलपाच्या प्रती धम्मप्रियाने तिघांनाच दिल्या होत्या: मला, आईला आणि तपासून बघायला रेणुकाला. आईच्या, मनिषाबाईंच्या फोनवर फक्त भजनं आणि भीमगीतं लागत. "मंग उरलं कोण?" धम्मप्रियाने मला विचारलं. मार्चपासून ती रेणुकाचे फोन घेत नव्हती, हे मला ठाऊक होतं. माझ्या नऊ वाचकांचा विचार मला तेव्हा शिवलाही नाही.

"तुमी चला माझ्यासंगं शुक्रवारी लातूरला," ती म्हणाली. "तुमी असलाव की मी ओरडत न्हाई."

ती नांदेडहून निघाली, मी अहमदपूरला त्याच बसमध्ये चढलो. तिने माझ्यासाठी खिडकीची जागा धरून ठेवली होती. चाकूर मागे पडेपर्यंत ती फोनवर काहीतरी चाळत होती. मग म्हणाली, "आज पुरावा घेऊनच उठणार. तुमीच शिकवलेला."

"मी?"

"गुप्त पान."

वाचनालयात येणाऱ्या प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर शिक्का असतो. पण चोर पहिलं पान फाडतो. म्हणून प्रत्येक वाचनालयाचं एक ठरलेलं पान असतं, जे बाहेर कुणाला सांगायचं नाही. त्या पानावर कोपऱ्यात एक बारीक शिक्का आणि दाखल अंक. आमचं सदतिसावं. ती दहा वर्षांची असताना मी तिला ते दाखवलं होतं, आणि कुणाला सांगणार नाही अशी तिच्याकडून शपथ घेतली होती.

"मी प्रत्येक प्रतीच्या सदतिसाव्या पानावर घेणाऱ्याचा नंबर लपवलाय," ती सांगत होती. "पानाच्या खालच्या कोपऱ्यावर बोट दाबून धरलं की तो दिसतो. रेणूचा नंबर तीन. आईचा दोन. बाहेर फिरणारी प्रत उघडून बघायची मला आजवर हिंमतच झाली न्हाई."

माझा नंबर तिने सांगितला नाही. सांगायची गरज नव्हती.

बाहेर सोयाबीनसाठी नांगरलेली काळी रानं मागे पळत होती. मी पिशवीतली वाचकांची वही चाचपली; ती नेहमी माझ्याबरोबर असायची. मग विचारलं, "बाळा, फोनमधून अ‍ॅप पुसलं की ते पूर्ण पुसलं जातं ना?"

"हाव, त्या फोनातून जातं. पण ज्या कॉम्प्युटरवरून भरलं तिथं फाईल ऱ्हातेच की. का?"

"असंच," मी म्हणालो.

पिराजीच्या दुकानातला तो कॉम्प्युटर माझ्या डोळ्यांसमोर आला. नऊ वाचकांसाठी मी नऊ वेळा तिथं गेलो होतो. प्रत्येक वेळी त्याने माझा फोन मागितला होता का? पहिल्या वेळी मागितला होता. नंतर त्याने फक्त वाचकाचा फोन मागितला होता. मला ते सोयीचं वाटलं होतं. लातूर यायला अर्धा तास होता, आणि तेवढ्या वेळात मी तिला सांगू शकलो असतो. मी तीनदा तोंड उघडलं. एकदा कंडक्टर आला, एकदा तिचा फोन वाजला. तिसऱ्या वेळी काहीच झालं नाही, तरी मी बोललो नाही.

लातुरात त्या रस्त्यावर इमारतीच्या इमारती वर्गांच्या पाट्यांनी झाकलेल्या आहेत. रेणुकाचा वर्ग एका झेरॉक्सच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर होता. रेणुका दारातच भेटली. उंच, चष्मा लावलेली, हाताला खडू.

"या बाई," ती म्हणाली. "तीन महिने फोन घेईनास माझा, अन् आता वकील घेऊन आलीस का?"

"हे काका हायत."

रेणुकाने माझ्याकडे नीट पाहिलं. "रामकिशनकाका? ज्यांचं अक्षर हाय ते?" ती मागे वळून ओरडली, "अगं दीपाली, ए पोरींनो, हे बघा कोण आलंय! आपल्या पानांचे काका आलेत!"

मुलं उठून उभी राहिली. एक मुलगी पुढे आली आणि म्हणाली, "सर, तुमचा 'ज्ञ' आम्हांला जमतच न्हाई हो." सगळे हसले. चाळीस जण. त्यांच्या वह्यांत माझं वळण होतं, काहींच्यात माझ्यापेक्षा बरं. मला आनंद झाला. ज्या क्षणी मला शरमेने मान खाली घालायला हवी होती त्या क्षणी मला आनंद झाला, हे मी लपवणार नाही.

धम्मप्रिया हसली नाही. तिने दीपाली नावाच्या त्या मुलीकडे हात केला. "तुझा फोन दे बरं जरा."

"प्रिये, आधी बोल तरी," रेणुका म्हणाली. "मी इथं शिकवायला आले तेव्हा ह्या सगळ्यांच्या फोनात ते होतंच. मला वाटलं तूच फुकट केलंस. तुला विचारायला चार फोन लावले, तू उचलला न्हाईस."

"बघूच की कुणाची प्रत हाय."

तिने सदतिसावं पान काढलं. त्यावर मी नमुन्यादाखल लिहिलेली बैलजोडीची पावती होती. तिने कोपऱ्यावर अंगठा ठेवला.

"थांब," मी म्हणालो. "तिथं माझा नंबर निघेल."

आकडा आधी उमटला की मी आधी बोललो, हे मला आजही नक्की सांगता येत नाही. त्यावर मी खूप विचार केला आहे. मी आधी बोललो असेन अशी मला आशा आहे. धम्मप्रियाला मी हे विचारलेलं नाही.

 मी पिशवीतून वही काढली आणि तिला दिली, कारण मला तोंडाने सांगता आलं नसतं. तिने पान उघडलं. एकेक ओळ वाचली.

"संगप्पा मास्तर, मुदत पंधरा दिवस," ती मोठ्याने वाचू लागली. "परत मिळाले. नागाबाई, उमरी, मुदत पंधरा दिवस, परत मिळाले, दोन दिवस उशीर." तिने वर बघितलं. "काका, तुमी अ‍ॅपला दाखल अंक दिलात? उशीर झाला म्हणून नोंद केलीत?"

"दंड घेतला नाही," मी म्हणालो.

ती हसली. खूप हसली, आणि हसता हसताच तिचे डोळे भरले. मग ते हसणं थांबलं. तिने वही मिटून माझ्या हातात दिली, आणि रेणुकाकडे वळली. "रेणू, माझं चुकलं."

"तीन महिने, प्रिये," रेणुका म्हणाली. "एकदा तरी विचारायचं होतंस." आणि फळ्याकडे वळून ती अर्धवट राहिलेलं अक्षर पूर्ण करू लागली.

 परतीच्या बसमध्ये, अहमदपूरला मी उतरायला उठलो तेव्हा धम्मप्रिया म्हणाली, "काका, मला राग आलाय. लई आलाय. पण तुमच्यावर काढता येईना अन् दुसरं कुणी सापडंना. सोमवारी मी हैदराबादला 'हो' कळवते. तुमी मनाला लावून घेऊ नका." बस निघून गेली. मी स्टँडवरच्या बाकावर बसलो. आनंदराज असता तर त्याने मला चार शब्द सुनावले असते आणि मग चहा पाजला असता. दोन्ही गोष्टींची मला गरज होती.

शनिवारी सकाळी मी पिराजीकडे गेलो आणि ती फाईल पुसून टाक म्हणालो.

"सर, ती म्या एकट्यानं ठेवली आसती तर पुसली आसती," पिराजी म्हणाला. माणूस वाईट नाही, तोंडात सुपारी आणि हातात कायम स्क्रू-ड्रायव्हर. "आता ती उमरीच्या दुकानात हाय, देगलूरच्या हाय, कुठं कुठं हाय मला बी ठाव न्हाई. अन् म्या काय लपवून केलं का? 'रामकिशन सरचं मोडी' म्हणून सांगूनच भरून द्यायचो. तुमच्या नावावर मानसं यायची."

"ते दुसऱ्या कुणाचं होतं, पिराजी. एका मुलीचं पोट होतं त्यावर."

 त्याचं सुपारी चघळणं थांबलं. "हे मला कुणी सांगितलंच न्हाई की, सर. तुमीच आणून दिलं, म्हणून म्या म्हणलं वाचनालयाचं आसंल. सरकारी."

 मी निघालो, तर तो म्हणाला, "थांबा. जाताना हे तेवढं घेऊन जा. माझ्या डोक्याला ताप झालाय." त्याने खण उघडून झेरॉक्सच्या कागदांचा एक गठ्ठा काढला. पंचवीस-तीस कागद असतील, सगळे मोडी. प्रत्येकावर पेन्सिलीने नाव आणि फोन नंबर. "मानसं अ‍ॅप नेतात, आठ दिवस गिरवतात, मंग इथं येऊन बसतात. म्हणतात, अक्षरं कळली, पर आमचा कागद कळंना. वाचून द्या. आता म्या काय वाचू? म्हणलं ठेवून जा, सर आले की दावतो. तुमी आलाव की माझ्या ध्यानातून जायचं."

मी तिथंच स्टुलावर बसून गठ्ठा चाळला. एका खेड्यातल्या विहिरीची वाटणी. एका बाईचा घरजागेचा कागद. एक साधी चिठ्ठी, मुलगी सासरी सुखरूप पोचल्याची. आणि मला डब्यातला आमचा कागद आठवला. आम्हांला पुस्तक मिळालं होतं, आम्ही ते उतरवलंही होतं. पण माझे वडील समोर उकिडवे बसले होते ते पुस्तकासाठी नव्हे. त्यांना कुणीतरी जवळ बसून, खरं काय ते सांगायला हवं होतं. आणि ते मी केलं नव्हतं.

रविवारी मी नांदेडला गेलो. गठ्ठा धम्मप्रियाच्या टेबलावर ठेवला. मनिषाबाईंनी चहा टाकला.

"प्रिया," मी म्हणालो, "तू मागे म्हणालीस ना, चोराला कुलूप आडवं येत नाही. खरं आहे. पण उतरवलेल्या प्रतीत एक गोष्ट नसते. तिला काही विचारता येत नाही." वाक्य बसमध्ये पाठ करून आलो होतो, तरी अडखळलो. "ज्याने विकत घेतलं त्याला त्याचा कागद पाठवता आला, आणि कुणी तो त्याच्यासोबत वाचून दाखवला तर?"

ती गठ्ठा चाळत होती. तिची बोटं हळूहळू थांबली. "म्हंजे अ‍ॅप कुणी बी उतरवू द्या. माणूस उतरवता येत न्हाई." ती खुर्चीत सरळ बसली. मग लगेच वाकली. "अन् हे वाचून देणार कोण? मी? मला अजून तुमचा 'ज्ञ' जमत न्हाई."

मी चहाकडे बघत होतो. वाचनालयातून निवृत्त झालो तेव्हा सत्काराला उत्तर द्यायचं होतं. मी कागद लिहून नेला आणि तो आनंदराजला वाचायला लावला. अनोळखी माणसाचा फोन आला तर मी अजूनही वाजून बंद होऊ देतो. हे ती जाणत होती, म्हणूनच तिने माझं नाव घेतलं नव्हतं.

"मी," मी म्हणालो.

"काय म्हणले?" मनिषाबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं.

"मी म्हणतात," धम्मप्रिया म्हणाली. माझ्याकडे बघून. "काका, तुमी 'हॅलो' म्हणून फोन ठेवून देणारे माणूस. रोज दहा जणं बोलतील. खेकसतील. कागदात जमीन न्हाई निघाली तर तुमच्यावरच चिडतील."

"चिडू दे. खरं तेच सांगेन."

"भाऊजी," मनिषाबाई कप घ्यायला आल्या, "एक सांगते. पोरीला थांबवून घेताव तर मंग तुमी बी मागं हटू नका. मधी लटकवू नका तिला."

मी मान हलवली. मान हलवणं मला बोलण्यापेक्षा सोपं जातं.

सोमवारी धम्मप्रियाने हैदराबादला तीन महिने मागितले. त्यांनी नाही म्हटलं. ती म्हणाली, "बरं, मंग नोकरी न्हाई जमणार," आणि मला फोन करून सांगितलं. तिच्या आवाजात धास्ती होती. माझ्याही होती. रेणुकाने तिच्या वर्गातल्या अकरा जणांना मोडीवाट विकत घ्यायला लावली. बाकीचे जुन्याच प्रतीवर शिकतात. ती धम्मप्रियाचा फोन अजून घेत नाही. दुकानांतून माझ्या नंबराची प्रत अजून फिरते आहे, आणि फिरत राहणार.

पहिला फोन आठ दिवसांनी आला. लोहा तालुक्यातल्या धुरपताबाईंचा. सुनेने त्यांच्यासाठी अ‍ॅप विकत घेऊन कागदाचा फोटो पाठवला होता, आणि मी तो मोठा छापून समोर ठेवला होता. मी "हॅलो" म्हणालो, इतकं हळू की मलाच जेमतेम ऐकू आलं.

"कोन? सर बोलून राहिले का?" पलीकडून आवाज आला. "ऐकू येईना. जेवलाव का न्हाई?"

"जेवलो," मी म्हणालो. ते खरं नव्हतं, पण या वेळी आवाज पलीकडे पोचला. "बाई, हा विहिरीच्या पाण्याचा कागद आहे. पाळी कुणाची कधी, ते लिहिलंय."

"आमची हाय का त्यात पाळी?"

"वाचतो. सावकाश वाचतो. मंगळवारी पहिला प्रहर सटवाजी. बुधवारी..." मी थांबलो. बुधवारच्या पुढचं नाव शाई पसरून काळं झालं होतं. त्याचं पहिलं अक्षर दोन-तीन तऱ्हांनी वाचता आलं असतं, आणि त्यांतल्या एका तऱ्हेने ते त्यांच्याच घरचं नाव झालं असतं. ते मला दिसत होतं. "बाई, बुधवारचं नाव मला लागत नाही. शाई फुटलीय. उगीच काहीतरी सांगणार नाही. मला वेळ लागेल. मी उद्या फोन करू का?"

"उद्या कशाला?" धुरपताबाई म्हणाल्या. "लई साल झाले थांबून. तुमी बघा निवांत. म्या फोन धरून बसते."

मी भिंग घेतलं, कागद खिडकीकडे नेला आणि त्या नावावर वाकलो. फोन तसाच चालू होता. त्यांच्या अंगणातल्या कोंबड्या ऐकू येत होत्या.